पूजेला बसवलेले बूट

कोपरी, ठाणे (पूर्व)
सोमवार, १३ जानेवारी

ती. उत्तराताईस,
धाकट्या भावाचा, महिपतचा, साष्टांग नमस्कार.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून "रोज सकाळच्या गुलाबांचा उबग आला" असं लिहून तू बाहेर पडलीस, आणि फोनवर मी रंगात आलो की नेमकी तुझ्या कुकरची शिटी होते. म्हणून कागदावर लिहितो आहे. तुझी नात सान्वी प्रॅक्टिसला डोंबिवलीहून इथे येतेच, तिच्या बॅगेतून पत्र पोचेल.

आपल्या उगवती क्रीडा मंडळाच्या मुलींनी काल फुटबॉलचा उपांत्य सामना जिंकला. पण सामने काय, कोणीही जिंकतं. खरी गोष्ट म्हणजे सान्वीची चढाई. पोरीने आपल्याच गोलपाशी चेंडू घेतला, दोघींना हुलकावणी दिली, संचिताकडे ढकलला, संचिताने न बघता टाचेने परत दिला, आणि मग सान्वी उजव्या कडेने जी सुटली ती चेंडू जाळीत घालूनच थांबली. मी इतकी वर्षं मंडळाचा अध्यक्ष आहे, टेंभी नाक्याच्या दहीहंडीचे थर पाहिलेत, कबड्डीतल्या एकाहून एक चढाया पाहिल्यात, पण असं काही पाहिलं नव्हतं. ऐन मोक्याला मी कडेवरून "उजवीकडे, उजवीकडे" असं ओरडलो होतो. मी श्रेय घेत नाही. पण ती उजवीकडेच गेली, एवढं नमूद करून ठेवतो.

मग काय विचारतेस. ढोल, गुलाल, फटाके. सान्वीला भूक लागली होती, ती सारखी तसं म्हणत होती, पण लोकांनी तिला खांद्यावरून खाली उतरूच दिलं नाही. सचिव कमलेशने जागेवरच ठराव मांडला आणि तो एकमताने पास झाला: या ऐतिहासिक चढाईचा जाहीर सत्कार, रविवार, २ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता. प्रमुख पाहुणे भावी नगरसेवक साईनाथशेठ. तू पहिल्या रांगेत बसायचंस.

तुझा,
महिपत


डोंबिवली (पूर्व)
गुरुवार, १६ जानेवारी

चि. महिपत यास,
अनेक आशीर्वाद.

कुकर उतरवून ठेवला आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

चढाई मी पाहिली. मुलींना शिकवणाऱ्या प्रीती मॅडमनी सामन्याचा व्हिडिओ काढला आहे, तो सान्वीने दाखवला. फारच सुंदर, मी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. त्यात मागे मैदानाच्या कडेला आपलं मंडळही दिसतं. सगळे मैदानाकडे पाठ करून उभे आहेत. मधोमध तू, हात लांब करून धरलेला फोन, झेंड्यासकट ग्रुप फोटो चालू आहे. गोल झाला तेव्हा पलीकडच्यांचा गलका ऐकून तुम्ही वळलात. "उजवीकडे" हे तू बहुधा कमलेशला म्हणालास, तो फोटोत मावत नव्हता.

असो. २ फेब्रुवारीलाच दुपारी चार वाजता कल्याणला अंतिम सामना आहे. हे तुला ठाऊक असेल असं मी धरून चालत नाही. त्या सामन्याला जिल्हा संघाची निवड समिती येणार आहे. विनीतने लेकीला स्पष्ट सांगितलंय, निवड झाली तर खुशाल खेळ, नाही झाली तर बूट माळ्यावर टाकायचे आणि सीएच्या क्लासला बसायचं. माझा मुलगा वाईट बाप नाही. मुलीचं वय चाललंय ही त्याची काळजी आहे, आणि ती खोटी नाही. त्या दिवसापासून सान्वी पानातली दुधीची भाजी कुरकुर न करता संपवते, यावरून मला कळतं की पोरगी घाबरली आहे.

तेव्हा सत्कार सामन्यानंतर ठेव. एवढं ऐक.

उत्तराताई


कोपरी
सोमवार, २० जानेवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार.

व्हिडिओचा कोन चुकीचा आहे. त्यावर अधिक बोलत नाही.

सत्कार सामन्यानंतर ठेवण्याची तुझी सूचना कार्यकारिणीपुढे मांडली. सर्वांना एकच प्रश्न पडला: मुली हरल्या तर? हरलेल्यांच्या गळ्यात हार घालायला साईनाथशेठ येतील का? आणि जिंकल्या तर त्याचा सत्कार वेगळा, पाहुणे वेगळे, मांडव वेगळा. त्यापेक्षा हा आधी उरकलेला बरा. सकाळी दहाला सुरू, बाराला राष्ट्रगीत, मुली चारला कल्याणला. मधे वेळच वेळ आहे.

स्टेशनबाहेर फ्लेक्स लागला. साईनाथशेठ पूर्ण उंचीचे, हात जोडलेले. शेजारी मी. मग कमलेश, मग गोल गोल चौकटींत कार्यकारिणी आणि शुभेच्छुक. चढाईचं चित्र टाकायचं होतं पण जागा उरली नाही. सान्वीचा फोटो खालच्या कोपऱ्यात आहे, आणि तिथेच खांबाला दोरी बांधल्यामुळे तिचा चेहरा कपाळापर्यंत गाठीखाली गेलाय. पण ओळखू येते.

आता आनंदाची बातमी. मुली आपलं सामान मंडळाच्या खोलीत ठेवतात. सान्वीचे ते बूट, ज्यांनी गोल झाला, ते तिथेच होते. विमलाने शनिवारी खोली झाडताना पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. तुझ्या भावजयीला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण भक्ती कळते. तिने बूट पुसले, हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. मग कमलेशने दागिन्यांच्या दुकानातली जुनी काचपेटी आणली आणि बूट आत मखमलीवर बसवले. समोर समई. दर्शनाला कोपरीतून लोक येताहेत. पावित्र्य राखावं म्हणून आम्ही चपला बाहेर काढून ठेवायला सांगतो.

तुझा,
महिपत


डोंबिवली
गुरुवार, २३ जानेवारी

चि. महिपत,

म्हणजे बूट बघायला लोक अनवाणी आत जातात. तुझं पत्र वाचून मी थोडा वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

अरे, ते तिचे बूट आहेत. तिच्याकडे तेवढा एकच जोड आहे. सान्वीचा पाय आपल्या बाबांसारखा, पुढे पसरट, तिला कुठलाही बूट चटकन होत नाही. हा जोड पायाला बसेपर्यंत मागचा अख्खा पावसाळा गेला, टाचांना फोड आले, मी रोज खोबरेल लावत होते. आता कुठे तो तिचा झाला. सध्या ती कॉलेजच्या कापडी बुटांत प्रॅक्टिस करते आणि गवतावर घसरते. तुला सांगायला ती लाजते, कारण तू आजोबा आहेस आणि तुला आनंद झालाय.

मी लाजत नाही. परवा ती येईल तेव्हा बूट तिच्या हातात दे. विमलाला सांग, भक्ती पोचली.

उत्तराताई

महिपत आजोबा, मी सान्वी. आजीचं लेटर बॅगेत ठेवताना वाचलं, सॉरी. बूट द्या ना प्लीज. मॅच झाली की परत आणून देते, मग हवी तेवढी पूजा करा.


कोपरी
सोमवार, २७ जानेवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार.

सान्वी परवा आली होती. रिकाम्या हाताने परत गेली याचं वाईट वाटलं, पण माझाही नाइलाज आहे. तूच लहानपणी मला शिकवलंस, खंडेनवमीला पूजेला मांडलेल्या हत्याराला हात लावायचा नाही म्हणून. मी त्या दिवशी पाटीपेन्सिलीला हात लावला तर तू मला धपाटा घातला होतास. मग पूजेतला बूट पायात कसा घालू देऊ? आणि चिखलात?

शिवाय प्रकरण आता माझ्या हातात राहिलेलं नाही. खडवलीहून एक जाईबाई म्हणून आल्या. त्यांचा नातू दोनदा दहावीत अडकला आहे. "ज्या पायांनी एवढ्यांना मागे टाकलं, ते माझ्या नातवाला एक गणित ओलांडून देणार नाहीत काय?" असं म्हणून त्यांनी काचेला डोकं टेकवलं आणि नवस बोलल्या. आता बूट काढले तर जाईबाईंच्या नवसाचं काय? लोकांच्या भावना दुखावतील. कमलेश तर म्हणतो, मोर्चा निघेल.

तू काळजी करू नकोस. साईनाथशेठ सत्कारात प्रत्येक मुलीला नवे कोरे बूट देणार आहेत. दुकानदाराने एकाच मापाचे दिले म्हणून सवलतीत मिळाले. पुरुषांचे आहेत, पण मोठे असले की पायाला काचत नाहीत.

तुझा,
महिपत


डोंबिवली
गुरुवार, ३० जानेवारी

चि. महिपत,

रविवारी येते. जेवायला थांबणार नाही. सोबत रिकामी पिशवी आणते आहे.

उत्तराताई


कोपरी
सोमवार, ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार.

सान्वी फोन घेत नाही, विनीत घेत नाही, तुझा बंद लागतो. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे.

काल तू मला चारचौघांत बोललीस. मला राग नाही, पण माझी बाजू ऐक. साईनाथशेठ दहाऐवजी एकला आले, हा माझा दोष नाही, त्यांना त्याआधी दोन वाढदिवस आणि एक बारसं होतं. मुली तीन तास फेटे बांधून स्टेजवर बसल्या, त्याचं वाईट मलाही वाटलं. ते आले, त्यांनी स्वतःच्या बालपणावर भाषण केलं, शाली घातल्या, बुटांची खोकी वाटली. झालंच होतं. तेवढ्यात तू उठून माईकपाशी आलीस.

आणि काय बोललीस, ताई. "पूजा झाली, दर्शन झालं, नवस झाले. आता बसवलेल्याचं विसर्जन करायला नको का? आपण गणपती जन्मभर ठेवतो का? बुटांचं विसर्जन मैदानातच व्हायला हवं. माझ्या हातात द्या, मी नेते." मीही मान डोलावली, कारण तुझं म्हणणं शास्त्राला धरून होतं.

आता तू पिशवी उघडून उभी होतीस हे मी पाहिलं. पण विसर्जन म्हटल्यावर बूट पिशवीतून कसे जातील? माणसं ऐकेनात. तू मुलींना घेऊन स्टेशनकडे निघालीस, तोवर इकडे टेम्पो सजला, काचपेटी चढवली, ढोलपथक पुढे झालं. मी कमलेशला बजावलं होतं की थेट जायचं. पण कोपरीतच चार ठिकाणी बायका ओवाळायला उभ्या होत्या. त्यांना कसं डावलणार? कळव्यात दुसऱ्या एका मंडळाने स्वागत केलं, त्यांना भाषण करायचं होतं. शिळफाट्याला नेहमीसारखं सगळं अडकलेलं. तिथे तास दीड तास आमच्या पथकाने इतकं सुंदर वाजवलं की ट्रकवाले खाली उतरून नाचले.

आम्ही कल्याणला पोचलो तेव्हा मैदानात गोलच्या जाळ्या गुंडाळत होते. माणूस म्हणाला, मॅच संपली, सगळे गेले. कमलेशने तरी फटाक्यांची माळ लावली, आणलीच होती म्हणून. मी काचपेटीजवळ उभा होतो. एका पोराने विचारलं, "काका, कोण जिंकलं?" आमच्यातल्या एकालाही सांगता येईना.

ताई, काय झालं ते कळव. कोणी सांगतच नाही.

तुझा,
महिपत


डोंबिवली
बुधवार, ५ फेब्रुवारी

चि. महिपत,

आपण हरलो, एका गोलने. आता बाकीचं सांगते, कारण ते पाहणारी आपल्या बाजूची मी एकटीच होते.

विसर्जनाची युक्ती माझी होती आणि तिथे मी फसले. तुझ्या मंडळाला ओळखूनही मला वाटलं होतं, शब्द पटला की वस्तू हातात मिळेल. मिरवणुकीचा विचारच माझ्या मनात आला नाही. माझा तुझ्यावर जितका राग आहे तितकाच स्वतःवरही आहे.

सान्वीने ते भेटीचे बूट घातले. प्रीती मॅडमनी इतर मुलींकडे विचारून पाहिलं, पण तिचा तो पसरट पाय कुणाच्याच बुटात शिरेना. मग तिने सत्काराची शाल दाताने फाडली आणि तिचे बोळे करून पुढे भरले. साईनाथशेठच्या सगळ्या समारंभात तेवढीच वस्तू उपयोगी पडली.

पूर्वार्धात ती नुसती अडखळत होती. तिच्या बाजूनेच गोल झाला. समोरच्या संघाचे लोक शेकडोंनी आलेले, त्यांचा जल्लोष चालू होता. आपल्या कडेला एक लांबलचक बाक आणि त्यावर मी. मी टाळ्या वाजवत होते. एवढ्या मोठ्या मैदानात एका म्हातारीच्या टाळ्या किती ऐकू जाणार. सान्वी दोनतीनदा बाकाकडे बघून गेली. तिला वाटत असेल तुम्ही याल, बूट येतील.

शेवटी शेवटी एक चढाई झाली. महिपत, ती तुमच्या त्या ऐतिहासिक चढाईहून सरस होती. पाच मुली त्यात होत्या, चेंडू एकीकडून दुसरीकडे जाताना कुठे थांबलाच नाही. मुली एकमेकींना हाका मारत होत्या त्या मला बाकावर ऐकू येत होत्या. सगळ्यात शेवटी सान्वीकडे आला. गोलकीपर आडवी पडली होती, समोर नुसती जाळी. मी उभी राहिले. सान्वीने पाय मारला. बूट गोलात गेला आणि चेंडू बाहेर.

लोक हसले. मी त्या बाजूला असते तर मीही हसले असते. ती एका मोज्यावर लंगडत गेली, जाळीतून बूट काढला, शालीचे बोळे वेचून परत भरले आणि पुढे खेळायला लागली. माझ्याच्याने ते बघवलं नाही. जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव नाही. निवड समितीतल्या एक बाई प्रीतीला म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, पण पायावर ताबा नाही.

सोमवारी ती क्लासला गेली. बूट आता तुझ्याकडेच असू देत. पूजा चालू ठेव. तिला आता लागणार नाहीत.

उत्तराताई


कोपरी
मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र विमलाला वाचून दाखवलं. ती अर्ध्यातच उठून स्वयंपाकघरात गेली. मी ते कार्यकारिणीत वाचणार होतो, पण त्याआधी कमलेशने विषय काढला की सान्वीच्या घरच्यांनी बूट मंडळाला कायमचे दिले, तेव्हा आभाराचा ठराव करू आणि दरवर्षी १२ जानेवारीला चढाई दिन साजरा करू. माझ्यापुढे कागद सरकवला. आजवर इतक्या ठरावांवर सह्या केल्या, कधी वाचायलाही थांबलो नाही. या वेळी सही होईना. व्हिडिओचा कोन बरोबर आहे, ताई. मी ती चढाई पाहिलीच नव्हती. आवाज ऐकून वळलो तेव्हा पोरगी हात पसरून धावत येत होती, आणि मला वाटलं, एवढा आनंद झालाय म्हणजे आपण पाहिलंच असणार.

परवा दुपारी सगळे जेवायला गेले असताना विमला दाराशी उभी राहिली आणि मी काचपेटी उघडून बूट काढले. मेथीच्या जुड्यांखाली पिशवीत घालून घरी आणले. स्वतःच्या मंडळात चोरी करायची वेळ आली.

मला वाटलं आता बोंबाबोंब होईल, पोलीस येतील. तसलं काही झालं नाही. संध्याकाळी कमलेशने जाहीर केलं की बूट अंतर्धान पावले. आता रिकाम्या काचपेटीपुढे रांग लागते आणि ती पहिल्यापेक्षा लांब आहे. आत काही दिसत नाही, त्यामुळे ज्याला जे हवं ते दिसतं. साईनाथशेठ स्वतः येऊन गेले, नवा फ्लेक्स लागतो आहे. मी खरं सांगायला तोंड उघडलं तर लोक म्हणाले, अध्यक्षांना भरून आलंय, त्यांना पाणी द्या.

बूट माझ्याकडे आहेत. रविवारी सकाळी घेऊन येतो. विनीतला घरी थांबायला सांग. तिचा पाय चुकला नाही, बूट माझ्यामुळे पोचले नाहीत, हे मला त्याच्या तोंडावर सांगायचं आहे. तो मला नाही नाही ते बोलला तरी मी ऐकून घेईन.

महिपत


डोंबिवली
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

महिपत आजोबा,

आजी म्हणाली या लेटरला तूच उत्तर दे, म्हणून मी लिहितेय. संचिताच्या हातून आजच पाठवतेय.

रविवारी सकाळी नका येऊ, मी घरी नसेन. प्रीती मॅडम आता रविवारी डोंबिवलीतच आमची प्रॅक्टिस घेतात. मैदान छोटंसं आहे, एका बाजूला गाड्या लागतात. बघायला कोणी येत नाही, ते बरंय.

क्लासला मी जातेय, तो सोडणार नाहीये. आजीला वाटलं मी फुटबॉल सोडला, कारण मी घरी गप्प होते. मी विचार करत होते. पप्पांशी तुम्ही बोलायची गरज नाही, माझं बोलणं झालंय. मी म्हटलं, निवड नाही झाली तर माझे बूट माळ्यावर, अशी तुमची अट होती ना, मग आधी त्याच बुटांत खेळलेली मॅच बघा आणि मग ठरवा. ते म्हणाले, जिल्ह्याची पुढची निवड कधी असते? मी म्हटलं, पुढच्या जानेवारीत. म्हणाले, बघू. पप्पांचं बघू म्हणजे काय ते आजीला विचारा.

तर बूट उद्या शनिवारीच आणा. संध्याकाळी क्लासवरून मी सातला येते. एकटेच या. विमलाआजीला आणलं तरी चालेल.

तुमची,
सान्वी